अनुभव धागा: पावसाळ्यात घरात काय निघालं, आणि आलं कुठून? (खानदेश)

गिरणाकाठ
श्रावणात इकडे कानबाई देवी बसते आणि तिकडे घरातलं एक तरी माणूस गोधडीत शिरलेलं असतं. "व्हायरल चालू आहे" म्हणायचं, मेडिकलवरून गोळी आणायची आणि निंदणीला जायचं, ही आपली रीत. त्या एका शब्दाखाली डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड सगळं खपून जातं. तुमच्याकडे काय निघालं, पहिली खूण कोणती होती, आजार आला कुठून, ते लिहा. दवाखान्यांची नावं नकोत. काढ्यांच्या पाककृतीही नकोत.

भुसावळची सून
आमच्याकडे डेंग्यू कूलरमधून आला. मे महिन्यात कूलर रात्रंदिवस चालतो. पाऊस पडला की बटण बंद होतं आणि टाकीतलं पाणी तसंच राहतं. मोठ्या मुलाला एकाएकी सणकून ताप भरला. सर्दी-खोकला काही नाही, पण डोळे फिरवले तरी मागून ठणका, आणि हाडं कोणी कुटल्यासारखी.

नंतर तपासणीवाल्या ताई आल्या. कूलरची जाळी काढून त्यांनी आत मोबाइलची बॅटरी मारली. वर तरंगणाऱ्या अळ्या उजेड पडताच वळवळत तळाला गेल्या. मग ताईंनी पाण्याच्या रेषेवर बोट फिरवून दाखवलं, बारीक काळे ठिपके. ती अंडी. टाकी कोरडी पडली तरी ती महिनोनमहिने टिकतात, आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणजे पाणी ओतून देऊन भागत नाही, कडा काथ्याने खरवडून घासाव्या लागतात. हा डास चावतो दिवसा, त्यामुळे रात्रीच्या मच्छरदाणीचा त्याच्यापुढे फारसा उपयोग नाही.

ताप उतरला तेव्हा सासूबाईंनी देवापुढे नारळ फोडला. डॉक्टर मात्र म्हणाले, "आता दोन दिवस जास्त जपा." पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, हे सगळं ताप गेल्यावर सुरू होऊ शकतं. भेटायला येणारा प्रत्येकजण तेवढ्यात "पेशी (प्लेटलेट) किती?" एवढंच विचारत होता. पेशी वाढतील म्हणून सोबत किवी. किवीचा भाव त्या आठवड्यात कोणालाही विचारा!

ओपीडीबाहेर
मी डॉक्टर आहे, म्हणून थोडी भर. पेशींचा आकडा एकटा काही सांगत नाही. रक्तस्राव नसेल तर साधारण १०,०००च्या खाली गेल्याशिवाय पेशी चढवायची वेळ सहसा येत नाही. शरीरातलं पाणी टिकवणं जास्त महत्त्वाचं. डेंग्यूची शंका असेल तर तापाला पॅरासिटामॉलच घ्या. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नको, त्यांनी रक्तस्राव वाढतो. डेंग्यूची एनएस१ ही रक्ततपासणी पहिल्या पाच दिवसांत कामाची. नंतर आयजीएम करावी लागते.

आणि एक गाऱ्हाणं. एकदा केलेल्या विडाल तपासणीवर टायफॉइडचा शिक्का मारू नका. जुन्या संसर्गानेही ती पॉझिटिव्ह येते. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहणं, केलं तर खात्रीचं उत्तर मिळू शकतं. टायफॉइडचा ताप बहुधा पायरीपायरीने चढतो आणि आठवडाभर हटत नाही.

जिभाऊ
डास होऊ नयेत म्हणून झाकण ठेवा, पाणी साठवू नका, हे सांगायला सोपं. नळाला पाणीच कितीतरी दिवसांनी येतं, ड्रम भरून नाही ठेवायचे तर प्यायचं काय?

सातपुडा_मास्तर
धडगावकडे आश्रमशाळेत होतो तेव्हाची गोष्ट. एका पोराला दुपारी हुडहुडी भरायची, दात वाजायचे, अंगावर चार घोंगड्या टाकल्या तरी थांबेना. मग ताप, मग दरदरून घाम, आणि दुसऱ्या दिवशी गडी अंगणात विटीदांडू खेळतोय! पुढच्या दिवशी पुन्हा तेच. आरोग्य सेवकाने बोटाला टोचून थेंब काचेवर घेतला. व्हायवॅक्स, मलेरियाचा एक प्रकार.

गोळ्यांनी दोन-तीन दिवसांत बरं वाटतं आणि इथेच गोम आहे. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात झोपून राहतात, काही महिन्यांनी उठतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यायचं असतं. पोरं सुट्टीत घरी जातात, गोळ्यांची पुडी कुडाला खोचलेली राहते, आणि ताप परत. ही गोळी गरोदर बाईला देत नाहीत, आणि जी६पीडी हे रक्तपेशींतलं एन्झाइम कमी असलेल्याचं रक्त तिने फुटतं, म्हणून मनाने घेऊ नये. दुसरा तो फाल्सिपॅरम, त्याला दिवसाआडचा हिशेब नाही. तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. रोगी बरळायला लागला तर गाडी शोधा, भगत नंतर.

पारोळ्याचा पाहुणा
कावीळ. गल्लीत एकामागून एक लोक पडले. आधी मळमळ, भाकरीचा वास नको, मग लघवी चहासारखी, मग डोळे पिवळे. पाइपलाइन गटारीतून गेली होती आणि सांधा फुटलेला. पाणी बंद झालं की घाण आत ओढली जायची. पाणी सोडणाऱ्याने नंतर दारोदार नळाच्या पाण्यात ओटी नावाच्या रसायनाचे थेंब टाकून दाखवले. क्लोरीन असेल तर पिवळं होतं. आमच्या टोकाला येईतो रंगच नाही.

लोक उतारा घ्यायला गेले. हात चुन्याच्या पाण्यात धुतले की पाणी पिवळं. हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो, चुन्याशी गाठ पडली की रंग येणारच. पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, म्हणून उतारेवाल्याचं नाव होतं. पण शालकाची बायको पोटुशी होती. पाण्यातूनच येणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, जिवावर बेतू शकते. तिला उताऱ्याला जाऊ दिलं नाही, थेट सिव्हिलला नेलं. भांडण झालं, होऊ दे. मायलेकी दोघी बऱ्या आहेत.

होस्टेलची ताई
आमचा आजार कमी इज्जतीचा, खरूज. रात्री खाज, बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ. परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर, खोलीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, आठवड्याने पुन्हा. एकटीने लावून काही होत नाही, मैत्रिणीकडून परत येते. चादरी गरम पाण्यात धुवायच्या आणि उन्हात टाकायच्या. खानदेशच्या उन्हाचा एवढा तरी फायदा.

गिरणाकाठ
जिभाऊ, पिण्याचं पाणी वेगळं झाकून ठेवा, ड्रमला जुनं धोतर दुहेरी करून सुतळीने आवळा आणि आठवड्यातून एकदा कडा घासा. वापरायच्या मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा, अळ्या खातात.

जिभाऊ
मासे कुठे मिळतील?

सातपुडा_मास्तर
प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर हिवताप कार्यालयात विचारा, पैसे लागत नाहीत. बरणी आपली न्या, आणि झाकणाला भोकं पाडून न्या.