कथेची एकांकिका करताना मनातलं कुठे घालायचं?

गोदाकाठ: निफाडच्या द्राक्षबागायतदारावर साडेतीन हजार शब्दांची कथा आहे. व्यापाऱ्याकडे गेल्या हंगामाची बाकी, तरी यंदा पुन्हा त्यालाच माल द्यायची वेळ. बाग, बँक, पोलीस ठाणे, घर अशा जागा. 40 मिनिटांची एकांकिका हवी. नुसते संवाद काढले तर जेमतेम 12 मिनिटं भरतात, बाकी सगळं त्याच्या मनात. स्वगतं लिहू का?

पंचवटीकर: एखादं चालेल. जास्त झाली की नाटक थांबून कथावाचन सुरू होतं. जागाही एकच ठेवा, नाहीतर दर बदलाला अंधार आणि अंधारात खुर्च्या सरकवल्याचे आवाज. पॅकिंगची शेड घ्या. एक रात्र. निम्मा माल क्रेटमध्ये, निम्मा वेलीवर, आभाळ भरलेलं. पावसात मणी तडकतात, म्हणजे निर्णय सकाळच्या आत. ताण आयताच मिळाला.

आता मनातलं. कथेत ‘त्याचा भरवसा उडाला होता’ हे वाक्य पुरतं. इथे तो मोजलेले क्रेट परत मोजतो, बायको म्हणते, ‘आत्ताच मोजले की.’ एवढ्यात कळतं. त्याच्या डोक्यातली दुसरी बाजू मुलाला द्या: बाप रोख मागतो, मुलगा उधारीला तयार, कारण नाहीतर माल वेलीवरच जाईल. दोघांचंही खरं असू द्या. मुलगा मूर्ख केलात तर भांडणात दम राहत नाही.

मखमलाबादी: जागेचं पटलं. पण मग बँक आणि पोलीस फोनवर उरकायचा मोह होतो. ‘काय? नोटीस आली?’ असं पलीकडचं वाक्य पात्रानेच परत म्हणायचं, हे फार खोटं वाटतं. नोटीस कागदावर येऊ द्या, क्रेटखाली सापडू द्या.

लांबी शब्दांवर मोजू नका. मोठ्याने वाचून 30 मिनिटं झाली की थांबा, उरलेली हालचाली आणि शांतता खातात.

आणि कथेची फाइल बंद करून कोऱ्या पानावर लिहा. आपल्या तात्यासाहेबांनी कवितेला ‘कुसुमाग्रज’ आणि नाटकाला ‘वि. वा. शिरवाडकर’ अशी नावंच वेगळी ठेवली होती. तुम्हाला निदान फाइल वेगळी हवी.

गोदाकाठ: व्यापारी दाखवू की नको?

पंचवटीकर: दाखवा, पण विसाव्या मिनिटाच्या आसपास. शेवटी आणलात तर सगळा उलगडा त्यालाच बोलून करावा लागेल. आणि त्याला गोड बोलू द्या.