पॅलाडिन-वॉरलॉक करू का सरळ पॅलाडिन? पार्टीत हीलर कोणीच नाही (जळगाव)

केळीबागेतला_ऑर्क
भो लोकं, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा भूमिका घ्यायचा खेळ) वाले कोणी असाल तर सल्ला द्या. जळगावला आमचा चार जणांचा ग्रुप आहे, डीएम (गोष्ट रचून खेळ चालवणारा) माझा आतेभाऊ. स्टार्टर सेटची मोहीम संपली, आता तो स्वतःची लिहितोय, सगळी खानदेशातच, तापी, सातपुडा, किल्ले वगैरे. परत लेवल 1 पासून. नियम 2014 चेच, कारण पुस्तकं तीच आहेत अन् नवीन घ्यायला कोणी खिशात हात घालत नाही.

पार्टीत रोग (चोर), विझार्ड (जादूगार), फायटर (लढवय्या) झाले. उरलो मी, तर सगळ्यांचं एकच पालुपद, तू क्लेरिक (बरं करणारा पुजारी) घे. मला नाही घ्यायचा भो, मागची अख्खी मोहीम मी यांच्या मलमपट्ट्याच केल्यात. मला पॅलाडिनच्या (शपथ घेतलेला योद्धा) 2 लेवल अन् पुढे हेक्सब्लेड प्रकारचा वॉरलॉक (पॅट्रन म्हणजे एखाद्या शक्तीशी करार करून जादू मिळवणारा) असा बिल्ड करायचाय, यूट्यूबवर पाहिला, तलवार करिष्म्यावर चालते, वॉरलॉकचे स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधी) शॉर्ट रेस्टला, म्हणजे छोट्या विश्रांतीला, परत येतात अन् ते खर्चून स्माइट (वारासोबत जादाचं डॅमेज) मारत सुटायचं. अडचण एवढीच की मोहीम लेवल 6 ला संपणार, जूनमध्ये दोघं पुण्याला चाललेत. काय करू? मोहिमेसाठी आयडिया असतील तर त्याही टाका, आतेभाऊ इथे वाचतो, लिहीत मात्र नाही.

नॅचरल_वीस
लेवल 6 ला संपणार असेल तर हा बिल्ड सोड. व्हिडिओवाले जे डॅमेज दाखवतात ते लेवल 11-12 चं असतं, तिथपर्यंत तू पोचणारच नाहीस. लेवल 5 ला काय होतं बघ: फायटरला एक्स्ट्रा अटॅक, विझार्डला फायरबॉल म्हणजे 8d6 (सहा बाजूंचे आठ फासे) डॅमेज, अन् तू पॅलाडिन 2 वॉरलॉक 3, अजून एकच वार करतोय. त्यात एक्सपीचं (अनुभवाच्या पॉइंटचं) गणित बघ, लेवल 5 ला 6500 लागतात अन् 6 ला 14000, म्हणजे एकट्या लेवल 5 वर जेवढं खेळायचं ते आधीच्या चारही लेवल मिळून नाही. नेमक्या त्याच काळात तू अर्धवट राहणार.

सरळ पॅलाडिन घे. 5 ला दोन वार, 6 ला ऑरा, 10 फुटांच्या आतल्या सगळ्यांच्या सेव्हिंग थ्रोला (संकटातून वाचायच्या फाशाला) तुझा करिष्मा मॉडिफायर मिळतो. त्या लेवलला एवढी जबरदस्त गोष्ट दुसऱ्या कुठल्या क्लासकडे मला तरी दिसत नाही. हाफ-एल्फ कर, स्टँडर्ड अ‍ॅरे (गुणांचे ठरलेले सहा आकडे) असा लाव: स्ट्रेंथ 15 चे 16, करिष्मा 14 चे 16, कॉन 13 चे 14, विस्डम 12, डेक्स 10, इंटेलिजन्स 8. चेनमेल अन् ढाल घेतली की पहिल्या दिवशी एसी (वार चुकवायचा आकडा) 18. भाले पण घेऊन ठेव, उडणारं काही आलं की तलवार हातात धरून नुसतं बघत बसायची वेळ येते.

वरणबट्टी_बार्ड
बिल्डचं ठीक आहे पण हीलर पाहिजेच हे कोणी सांगितलं? पाचव्या आवृत्तीत भर लढाईत हील करणं बहुतेक वेळा घाट्याचा सौदा, तू जेवढं भरतो त्याच्यापेक्षा जास्त ऑगर (राक्षस) एका दणक्यात काढतो. पडलेल्याला उठवता आलं म्हणजे झालं. ले ऑन हँड्सचे (पॅलाडिन हात ठेवून बरं करतो त्याचे) पॉइंट लेवलच्या पाचपट, म्हणजे लेवल 3 ला 15, अन् शून्यावर पडलेल्याला एकच पॉइंट दिला तरी तो उठून लढतो. एकदम पंधरा ओतू नको, एकेक दे. लेवल 2 ला स्लॉट दोनच मिळतात, ते दोन्ही स्माइटला उडवू नको, एकाचा ब्लेस मंत्र टाक, तिघांना प्रत्येक वाराला अन् सेव्हला d4 (चार बाजूंचा फासा) वाढून मिळतो. रोगवाला तुझ्या पाया पडेल. अन् बाकीच्यांनाही सांग की हीलिंग पोशन 50 गोल्डला मिळतं, आपापलं घ्या.

तरीपण तुला करिष्म्याचीच तलवार पाहिजे असेल तर नुसता हेक्सब्लेड खेळ ना, पॅलाडिन कशाला मध्ये? पॅक्ट ऑफ द ब्लेड घेतला की लेवल 5 ला थर्स्टिंग ब्लेडने दोन वार होतात. हील मात्र विसरायचं.

लळिंगचा_पहारेकरी
धुळ्याहून. आतेभाऊला सांग, पूर्ण खानदेशाचा नकाशा काढत बसू नको. थाळनेर ते असीरगड एवढा तापीचा पट्टा घे, लेवल 1 ते 6 ला तो भरपूर झाला. काळ फारुकींचा (खानदेशचे सुलतान) ठेव. 1382 पासून ते स्वतंत्र, 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला अन् खेळ खल्लास, मध्ये दोनशे वर्षं मोकळी पडलीत. असीरगडाची गोष्ट तर आयती आहे: फारुकी नसीर खानाने गडाच्या मालकाला, आसा अहिराला, निरोप धाडला की माझ्या बायकापोरांना गडावर आसरा दे, अन् डोल्यांमध्ये बसवून पाठवले सैनिक. आता तुमची पार्टी गडाच्या आत आहे, डोल्या दरवाजापाशी आल्यात, अन् रोगचा परसेप्शन रोल वीस आला. पहिलं सेशन इथूनच सुरू कर, टॅव्हर्नमध्ये भेटलो वगैरे नको.

सातपुड्यात शिरलात की अश्वत्थामा आण. दिवाळीला अस्तंब्याची यात्रा असते, कपाळावरच्या जखमेला तेल मागत फिरतो हे नंदुरबारकडे पोरासोरांना माहीत आहे. त्याला स्टॅट ब्लॉक (लढाईचे आकडे) देऊ नको, लढायचा नाही तो. पॅलाडिनने हात ठेवला अन् ले ऑन हँड्सचे सगळे पॉइंट संपले तरी जखम तशीच. पॅलाडिनला लेवल 3 ला ओथ (शपथ) घ्यायची असते ना, ती याच रात्री घ्यायला लाव. घरी खेळत असाल तर देवादिकांचं जरा जपून, आमच्याकडे आजी बाजूच्या खोलीत ऐकत असते.

केळीबागेतला_ऑर्क
ठरलं, सरळ पॅलाडिन. ओथ बहुतेक व्हेंजन्स. आतेभाऊने डोल्यांचं वाचलं अन् गप झाला, म्हणजे घेणार. शनिवारी गच्चीवर बसतोय, घरात कूलरच्या हवेने शीटं उडतात अन् डाइस दिवाणाखाली जातात, म्हणून आता परातीत टाकतो. एक राहिलं, पुढेमागे वॉरलॉकची एखादी लेवल घेतलीच तर अश्वत्थामा पॅट्रन चालेल का?

लळिंगचा_पहारेकरी
नाही चालणार. पॅट्रन शक्ती देतो, याच्याकडे शापाशिवाय द्यायला काय आहे? तुझी ओथच त्याच्याशी जोड, तेवढं पुरे. अन् तेलाची कुपी इक्विपमेंटच्या यादीत 1 सिल्व्हरला आहे, आत्ताच शीटवर लिहून ठेव.