सुगावा, छडा आणि उलगडा

अगाथा ख्रिस्तीची 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' (१९५०) पुन्हा वाचतेय. चिपिंग क्लेगहॉर्न नावाचं इंग्लंडमधलं खेडं. तिथल्या पेपरात शुक्रवारी सकाळी जाहिरात येते: आज, २९ ऑक्टोबरला, संध्याकाळी साडेसहाला 'लिटल पॅडॉक्स' नावाच्या घरात खून होणार आहे! शेजारीपाजारी हा काहीतरी खेळ समजून हौसेनं जमतात, दिवे जातात आणि गोळ्या सुटतात. मैत्रिणीला गोष्ट सांगताना अडले. गुन्ह्यांची कोडी सोडवणाऱ्या म्हाताऱ्या मिस मार्पलला 'सुगावा लागतो' म्हणायचं, की ती 'छडा लावते'?

— सुगावा फक्त लागतो. 'मी सुगावा लावला' असं कुणी म्हणत नाही. शिवाय तो दोन्ही बाजूंना लागतो: पोलिसांना चोराचा, आणि पोलीस येताहेत याचा चोरालाही. छडा लागतो आणि लावताही येतो. त्यामागे चिकाटीचं काम असतं, म्हणून इन्स्पेक्टर क्रॅडकच्या तपासाला तोच शब्द शोभतो. 'मागमूस' आणि 'थांगपत्ता' मात्र बहुतेक नकारासोबतच येतात: मागमूस नाही, थांगपत्ता लागेना.

— सुगाव्याच्याही आधी कुणकुण असते. ती उडत उडत कानावर येते, कुणाकडून आली ते सांगता येत नाही. मला अशा गावातल्या रहस्यकथा आवडतात त्या याचसाठी. मार्पलबाई विणकाम करत चहाला बसतात, बायकांच्या गप्पा ऐकतात आणि सेंट मेरी मीड या स्वतःच्या गावातलं तसंच कुणीतरी त्यांना आठवतं. तिथून संशयाला सुरुवात.

— मग बाईंना चौकस म्हणायचं की चोंबडी?

— चौकसच! भोचक माणूस नको ते विचारतो, चोंबडा न विचारता मधे तोंड घालतो. चौकस माणसाला खरंच जाणून घ्यायचं असतं. या कादंबरीत तर त्याची फार गरज आहे. पूर्वी गावात कोण कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक असायचं. महायुद्धानंतर नवी माणसं येऊन राहिली आणि ती स्वतःबद्दल जे सांगतील तेच खरं मानायची वेळ आली. मार्पलबाई हे क्रॅडकला समजावतात तो भाग मला पूर्ण पुस्तकात सगळ्यात मोलाचा वाटतो. ओळखपत्रं आणि रेशनकार्डं आहेत, पण फोटो किंवा बोटांचे ठसे नाहीत. 'कुणाचा कोण' हा आपला शब्दप्रयोग तिथे चपखल बसतो.

— 'उलगडा' विसरू नका. गुंता असेल तिथेच तो होतो. गुन्हेगार सापडला की छडा लागला म्हणतात, पण जाहिरात का दिली, दिवे का गेले हे कळतं तेव्हा उलगडा होतो. या प्रकारच्या कादंबऱ्या आपण त्यासाठीच वाचतो. तेव्हा मैत्रिणीला सांगा, मार्पलबाईंना कुणकुण लागली, क्रॅडकसोबत त्यांनी छडा लावला. उलगडा तिचा तिलाच वाचू द्या.