लोंढ्याची ठेकेदारीण मोजणीआधी साल का तासून घ्यायची?

माझी आजी लोंढ्याजवळच्या जंगलात लाकूडतोड्यांसाठी भाकऱ्या बडवायची. आजोबा करवतीवर. ठेकेदाराची बायको रोज मोजणीला हजर. भागीदाराला तिनंच हुसकावलं, एकाचा पाय ओंडक्याखाली सापडला तर त्या दिवसाची मजुरीही तिनंच कापली. नवरा नुसता मान डोलवायचा. आजी सांगायची, "ती दोघं जेवतानासुद्धा सागाचंच बोलायची गं!" मजुरी घनफुटावर होती. तोडताना ओंडके सालीसकट, पण मोजायच्या आधी ती साल तासायला लावायची. यात तिचा काय फायदा?

उत्तर १: ताई, घेराचा चौथा हिस्सा काढून त्याचा वर्ग करायचा, त्याला लांबीनं गुणायचं, अशी ती मोजणी. १२ फुटी ओंडक्याचा घेर ६० इंच असेल तर १८.७५ घनफूट. साल काढून ५६ इंच भरला तर साधारण १६.३३. ओंडका तोच, मजुरी आठव्या हिश्श्यानं कमी. विकतानाही बिनसालीचंच माप असेल तर वेगळी गोष्ट. पण तोडणाऱ्याला ते आधी सांगायला हवं होतं.

उत्तर २: साल तासायची मजुरी वेगळी मिळायची का?

प्रश्नकर्ती: नाही हो. आजोबांच्या तळहाताला तासणीचे घट्टे होते, मी लहानपणी बोटानं चाचपून बघायची. आज हिशोब कळला आणि रडूच आलं. आजी असती तर तिला आधी सांगितलं असतं.