‘टॉर्क’ आणि ‘अश्वशक्ती’: दोन्हींना ‘ताकद’ म्हणावे काय?

प्रश्न: अमेरिकेतील डिझेल पिकअप ट्रकांविषयीच्या मजकुराचा अनुवाद करत आहे. ‘अवजड ट्रेलर ओढायचा असेल तर अश्वशक्ती नव्हे, टॉर्क पाहावा’ अशा आशयाच्या वाक्यात मी दोन्हींसाठी ‘ताकद’ वापरले आणि वाक्य निरर्थक झाले. टॉर्कसाठी ‘पीळ’ चालेल काय?

प्रतिसाद: ‘पीळ’ टाळावा. सुंभ जळाला तरी उरतो तो पीळ दोरीच्या घडणीतला असतो, तर टॉर्क हा फिरवणारा जोर आहे. चाकाचा गंजलेला नट सोडवताना आपण पान्याला पाइप अडकवतो, तेव्हा हाताचा जोर तेवढाच राहूनही टॉर्क वाढतो. आणि तरीही नट जागचा हलला नाही, तर टॉर्क भरपूर असूनही शक्ती शून्यच, कारण शास्त्रीय मराठीत ‘शक्ती’ म्हणजे कार्य होण्याचा दर. म्हणूनच ‘अश्वशक्ती’ हा शब्द नेमका वाटतो. ‘आघूर्ण’ किंवा ‘परिबल’ पुस्तकात शोभतील, पण गॅरेजमध्ये ते कोणाला कळणार? ‘टॉर्क’च ठेवावा.

प्रतिप्रश्न: शब्दांचे पटले. पण मूळ विधान तरी बरोबर आहे ना?

प्रतिसाद: अर्धेच. पौंड-फुटांतील टॉर्कला इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ५,२५२ ने भागले की अश्वशक्ती मिळते. फोर्डच्या २०२३ च्या सुपर ड्युटी मालिकेतील ६.७ लिटरच्या ‘हाय आउटपुट’ डिझेल इंजिनाचा कमाल टॉर्क १,६०० फेऱ्यांना १,२०० पौंड-फूट आहे, म्हणजे तेथे अश्वशक्ती सुमारे ३६६ भरते. कमाल ५०० अश्वशक्ती २,६०० फेऱ्यांना मिळते, जेथे टॉर्क सुमारे १,०१० पर्यंत उतरलेला असतो. तरीही लांब चढावर गिअरबॉक्स खालचा गिअर टाकून इंजिनाला या दुसऱ्या बिंदूकडे नेतो, कारण रस्त्यावरचा वेग तोच धरला तर चाकांना मिळणारा जोर तेथेच अधिक असतो. टोइंगक्षमतेच्या, म्हणजे ट्रेलर ओढण्याच्या क्षमतेच्या, ‘एसएई जे२८०७’ या मानकात दोन्ही गोष्टी तपासल्या जातात: १२ टक्के चढावर उभी असलेली जोडगाडी (ट्रक आणि ट्रेलर) पाच मिनिटांत पाच वेळा जागची हलवता आली पाहिजे, आणि ॲरिझोनातील डेव्हिस डॅमच्या ११.४ मैलांच्या चढणीवर ठरलेल्या किमान वेगाखाली येता कामा नये. पहिल्या कसोटीत टॉर्क लागतो, दुसरीत अश्वशक्ती. तेव्हा अनुवाद मूळ लेखकाच्या मताशी प्रामाणिक ठेवून खाली टीप द्यावी, असे मला वाटते. (आकडे देताना मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॅटची आणि ही अमेरिकी अश्वशक्ती सुमारे ७४६ वॅटची, हेही ध्यानात असू द्यावे.)

आणखी एक प्रतिसाद: ‘टोइंग’ला ‘टोचन’ मात्र करू नये. आपल्याकडचे चालक टोचन म्हणतात ते बंद पडलेली गाडी दुसरीला बांधून नेण्याला. ट्रेलर ‘ओढला’ जातो.