आगपेटीतला काजवा: लहानपणी वाचलेल्या एका पुस्तकाचा शोध

प्रश्न

माझे बालपण सांगलीत गेले. 1984 किंवा 1985 साली, मी तिसरी-चौथीत असताना, वडिलांनी एका पुस्तक प्रदर्शनातून मुलांची काही पुस्तके आणली होती आणि आत्या ती आम्हा भावंडांना उन्हाळ्याच्या दुपारी वाचून दाखवत असे. 2005 च्या पुरात कपाटाच्या खालच्या कप्प्यांत असलेले सगळे गेले, त्यात तीही गेली. त्यांतल्या एका पुस्तकाचे नाव, लेखक, मुखपृष्ठ यांपैकी काहीही मला आठवत नाही. तीन प्रसंग मात्र स्पष्ट आठवतात.

पहिला प्रसंग असा, की एक मुलगा संध्याकाळी अंगणात एकटाच आईची वाट पाहत बसला आहे, अंधार पडत चालला आहे, आणि तो आपली नवीकोरी खेळण्यातली मालमोटार मित्राला देऊन त्या बदल्यात एक आगपेटी घेतो. त्या आगपेटीत काजवा असतो. दुसऱ्या प्रसंगात एक मुलगा बशीतला शिरा खिडकीतून खाली ओतून देतो आणि तो रस्त्याने जाणाऱ्या एका गृहस्थाच्या हॅटवर पडतो. तिसऱ्यात एका मुलीजवळ रंगीबेरंगी फूल असते, एकेक पाकळी तोडून ती काहीतरी मागत जाते आणि शेवटची पाकळी चालता न येणाऱ्या एका मुलासाठी वापरते.

दोन ग्रंथालयांच्या बालविभागांत मी विचारणा केली आणि नावात ‘काजवा’ किंवा ‘फूल’ असलेली पुस्तके चाळली, पण हाती काही लागले नाही. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे आणि तिला वाचता येण्याइतके दिसत नाही. ते पुस्तक मिळाले तर या वेळी मी ते तिला वाचून दाखवणार आहे, म्हणून हा प्रश्न विचारत आहे.

पहिला प्रतिसाद

काजव्याचा प्रसंग वाचून मला ‘किशोर’ मासिकातली एखादी अनुवादित कथा असावी असे वाटले. बालभारतीने 1971 मध्ये हे मासिक सुरू केले आणि त्या काळी घराघरांत त्याचे वार्षिक अंक बांधून ठेवले जात, त्यामुळे अनेकांच्या आठवणीत ‘किशोर’च्या कथा ‘एका पुस्तकातल्या’ म्हणून राहिल्या आहेत. त्याचे जुने अंक आता बालभारतीने संकेतस्थळावर वाचायला ठेवले आहेत. 1980 ते 1985 या वर्षांचे अंक चाळून पाहावेत, असे मी सुचवेन. कथेचे नाव आठवत नसेल तर अनुक्रमणिकेपेक्षा चित्रे पाहत जावे, कारण लहानपणी आपण चित्रेच अधिक पाहिलेली असतात आणि ओळख तिथेच पटते.

हॅट घातलेला गृहस्थ आणि शिरा हे दोन्ही एकाच गोष्टीत कसे आले असतील, याचा उलगडा मात्र मला होत नाही.

दुसरा प्रतिसाद

आपले पहिले दोन्ही प्रसंग मला ठाऊक आहेत आणि ते एकाच पुस्तकातले आहेत. तो मुलगाही एकच आहे. त्याचे नाव देनिस्का आणि लेखकाचे नाव व्हिक्टर द्रागुन्स्की. द्रागुन्स्की 1913 मध्ये जन्मले आणि 1972 मध्ये वारले. आपल्या मुलाच्या, देनिसच्या, नावावरूनच त्यांनी या नायकाचे नाव ठेवले होते. मूळ रशियन संग्रहाच्या नावाचा अर्थ ‘देनिस्काच्या गोष्टी’ असाच होतो. मी स्वतः त्या मराठीतून वाचलेल्या आहेत.

काजव्याच्या कथेत देनिस्का वाळूच्या ढिगाजवळ बसलेला असतो, आईला यायला उशीर झालेला असतो आणि त्याला भूक लागलेली असते. मित्र मिश्का येतो आणि मालमोटार मागतो. ती वडिलांनी गावाला जाण्यापूर्वी दिलेली असल्याने देनिस्का नकार देतो. मिश्का आधी टपालाची तिकिटे देऊ करतो, मग फाटलेले पोहण्याचे रबरी कडे देऊ करतो आणि शेवटी आगपेटी उघडून दाखवतो. आई आल्यावर विचारते, की इतकी मोलाची वस्तू या किड्यासाठी कशी दिलीस, आणि त्यावर देनिस्काचे उत्तर एवढेच असते, की तो जिवंत आहे आणि तो उजळतो. बालसाहित्यात मुलाचा एकटेपणा इतक्या कमी शब्दांत सांगितलेला मी फार थोड्या ठिकाणी वाचला आहे. वाट पाहून थकलेल्या मुलाला मोटारीपेक्षा सोबत हवी होती, हे लेखक कुठेही स्वतः सांगत नाही. वाचणाऱ्या मुलाला ते आपोआप कळते आणि म्हणूनच चाळीस वर्षांनंतरही ती आगपेटी आपल्याला आठवते आहे.

दुसऱ्या प्रसंगातला पदार्थ शिरा नाही. दुधात शिजवलेली रव्याची पातळ लापशी रशियात मुलांना न्याहारीला देतात आणि तिथली बरीच मुले तिला कंटाळलेली असतात. लापशी संपवलीस तर क्रेमलिन पाहायला नेईन, असे आई कबूल करते, म्हणून देनिस्का तीत मीठ, साखर, शेवटी तिखट चटणीसुद्धा घालून पाहतो आणि अखेर ती खिडकीबाहेर ओततो. थोड्याच वेळात पोलीस शिपाई त्या माखलेल्या गृहस्थाला घेऊन दारात उभा राहतो. सांगलीतल्या मुलाच्या मनात रव्याच्या लापशीचा शिरा व्हावा हे मला अगदी स्वाभाविक वाटते, पण ‘शिरा’ या शब्दाने शोधणाऱ्याला ही कथा कधीच सापडणार नाही.

पहिल्या प्रतिसादातील अंदाजाबद्दल एवढेच म्हणेन, की ‘किशोर’चे अंक चाळण्याचा सल्ला इतर अनेक शोधांना फार उपयोगी आहे, पण हे पुस्तक मात्र मॉस्कोहून आलेले आहे.

तिसरा प्रतिसाद

दुसऱ्या प्रतिसादाला थोडी जोड देतो, कारण ही पुस्तके मी अनेक वर्षे गोळा करत आलो आहे. मॉस्कोचे प्रगती प्रकाशन भारतीय भाषांत पुस्तके छापत असे. 1982 मध्ये त्यातून ललित आणि बालसाहित्यासाठी रादुगा हे वेगळे प्रकाशन निघाले. ‘रादुगा’ म्हणजे इंद्रधनुष्य. आपल्याकडे ती पुस्तके मुंबईच्या लोकवाङ्मय गृहामार्फत आणि प्रदर्शनांतून अगदी अल्प किमतीत मिळत. सोव्हिएत संघ डिसेंबर 1991 मध्ये संपला आणि हा ओघही थांबला, त्यामुळे त्यानंतर वाचायला लागलेल्या पिढीला ही नावे सहसा माहीत नसतात. मराठी पुस्तक हाती आले तर आतील पान जरूर पाहावे. अनुवादक म्हणून अनिल हवालदार यांचे नाव अशा अनेक पुस्तकांवर सापडते, आणि अनुवादकाच्या नावाने शोधले असता त्याच घराण्यातली इतर पुस्तकेही सापडत जातात.

आता आपल्या तिसऱ्या प्रसंगाविषयी. तो देनिस्काच्या पुस्तकातला नाही. ती वालेन्तिन कतायेव यांची 1940 मधील कथा आहे आणि तिच्या नावाचा अर्थ ‘सात रंगांचे सात पाकळ्यांचे फूल’ असा होतो. झेन्या नावाची मुलगी सहा पाकळ्या उधळून टाकते, त्यांतल्या एका पाकळीने थेट उत्तर ध्रुवावर जाते, आणि सातवी पाकळी वित्या या लंगड्या मुलासाठी वापरते. तिची मॉस्कोत छापलेली इंग्रजी आवृत्ती माझ्याकडे आहे. ते पातळ, मोठ्या आकाराचे चित्रमय पुस्तक आहे. प्रदर्शनात मराठी आणि इंग्रजी पुस्तके शेजारी शेजारी मांडलेली असत आणि वडीलधारी माणसे दोन्ही उचलून आणत. आपल्या घरीही असेच झाले असेल, तर आत्याबाई ती कथा इंग्रजीतून पाहत आपल्याला मराठीत सांगत असाव्यात. आवाज एकच आणि दुपारही एकच, म्हणून मनात पुस्तकही एकच झाले असेल.

शोधण्याच्या बाबतीत अनुभवाने सांगतो. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर आणि इंटरनेट आर्काइव्हवर अशी बरीच पुस्तके मोफत वाचता येतात, परंतु पाने छायाचित्राच्या रूपात असल्याने आतील मजकुरातला शब्द टाकून काही सापडेलच असे नाही. लेखकाचे नाव द्रागुन्स्की, ड्रॅगुन्स्की अशा निरनिराळ्या तऱ्हांनी आणि रोमन लिपीतही लिहून पाहावे. छापील प्रत हवी असेल तर पुण्याला अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात आणि मुंबईला माटुंग्याच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे चिठ्ठी देऊन ठेवावी. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ काही जण अशा वेळी सुचवतात. तो ग्रंथ थोर आहे, पण त्याची नोंद 1950 पर्यंतच येते, त्यामुळे आपल्या कामाला तो उपयोगी पडणार नाही.

पहिल्या प्रतिसादकाची पुरवणी

माझा अंदाज चुकला याचे वाईट वाटत नाही, कारण त्यामुळे मला देनिस्का माहीत झाला. वरील दोन्ही प्रतिसाद वाचल्यावर लक्षात येते, की तीनही प्रसंग एकाच पुस्तकातले आहेत हे आपण आणि मी दोघांनीही गृहीत धरले होते. यापुढे कुणी असा प्रश्न विचारला, तर प्रत्येक प्रसंग सुटा करून विचारावा, अशी विनंती मी करीन.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचे आभार कसे मानावेत हे मला कळत नाही. इंग्रजी आवृत्तीचा उल्लेख वाचला आणि मी त्याच संध्याकाळी आत्याला दूरध्वनी केला. फुलाचे पुस्तक इंग्रजी होते, हे तिने लगेच सांगितले. आम्हाला इंग्रजी येत नव्हते म्हणून ती एकेक पान आधी मनात वाचून मग मराठीत सांगत असे, आणि पाकळ्यांचे रंग आम्हाला ओळीने पाठ झाले होते. मला यातले काहीच आठवत नव्हते. माझ्या आठवणीत ते छापलेलेच मराठी होते.

मग मी तिला दुसरा प्रतिसाद वाचून दाखवू लागलो. मिश्का आधी टपालाची तिकिटे देऊ करतो, इथवर आलो, तेव्हा तिने मला थांबवले आणि म्हणाली, “ग्वातेमालाची. एक ग्वातेमालाचे आणि दोन बार्बाडोसची.” प्रतिसादात देशांची नावे नव्हती. मी नंतर इंग्रजी आवृत्ती काढून पाहिली, तिकिटे तीच आहेत. ग्वातेमाला कुठे आहे असे मी त्या दुपारी विचारले होते आणि तिने शाळेचा नकाशासंग्रह उघडून मला ते दाखवले होते, असे ती म्हणाली.

मराठी प्रतीसाठी माटुंग्याला चिठ्ठी देऊन आलो आहे. ती मिळेपर्यंत पुढच्या रविवारपासून मी आत्याला इंग्रजी आवृत्ती पाहून एकेक गोष्ट मराठीत सांगणार आहे.