आईच्या खोलीला जर्दाळू की फिकट हळदी?

साताऱ्यात शाहूपुरीत घर. आईची खोली दहा बाय बारा, खिडकी एकच, पश्चिमेला. शेडकार्डावर हे दोन्ही रंग सख्खे भाऊ दिसतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला रंग जास्तच उजळ दिसतात, भडक काही सोसवत नाही. खोली तिची आहे, चुकायला नको. काय घेऊ?

सांगलीकर: हळदीच. पश्चिमेचं ऊन चारनंतर आडवं येतं, मुळातच तांबूस. आमच्याकडे जर्दाळू दिला होता. सकाळी सुरेख, संध्याकाळी भिंत पेटल्यासारखी. शेवटी परत दोन हात मारून घेतले.

रंगकाम करणारा: ताई, कार्डावर ठरवू नका. छोटे डबे आणा, पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या. मग खिडकीसमोरच्या भिंतीला टेकवून सकाळी, संध्याकाळी आणि रात्री दिवा लावून बघा. चार भिंतींची झाक एकमेकींवर पडते, रंग गडद वाटतो. म्हणून एक शेड फिकीच घ्या. आणि मॅट, चकाकी नको.

विचारणारी: लावले पुठ्ठे. साडेपाचला जर्दाळू नारिंगीच झाला. आईनं हळदीवर तळवा ठेवला, म्हणाली, "हा डोळ्यांना मऊ लागतोय." एक शेड फिका, मॅट सांगून आले.